भुलाबाईतलं परकं गाणं

माझ्या आईला टरबूज ऐकू यायचं. वाक्य चुकल्यासारखं वाटेल, पण मी ते विचार करूनच लिहिलं आहे. उन्हाळ्यात अमरावतीच्या बाजारात नदीकाठची टरबुजं बैलगाड्या भरून यायची आणि गोणपाटावर त्यांचे ढीग लागायचे. आई ढिगासमोर उकिडवी बसायची, एकेक फळ मांडीवर घ्यायची, मधल्या बोटाने टिचकी मारायची आणि मान जराशी कलती करायची. "हे नाई. हे बी नाई. हे घे, सुमे." मला सगळ्या टिचक्या सारख्याच वाटायच्या. घरी येऊन कापलं की ते आतून लालबुंद निघायचं. मी तिला अनेकदा विचारलं की तू नेमकं काय ऐकतेस, आणि तिला ते कधीच सांगता आलं नाही. ती म्हणायची, "ऐकू येते ते ऐकते, बाप्पा. तुले बी येईन." आणि एका उन्हाळ्यात खरंच आलं. कुणी शिकवलं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत एकच असलेला आवाज त्या दिवशी दोन झाला होता, आणि एकदा दोन झाल्यावर तो पुन्हा एक करता येईना. हे आधी सांगितलं, कारण या प्रकरणातली सगळी हकीकत अशा ऐकू येण्याची आणि ऐकू न येण्याची आहे.

आमचं घर अंबागेटच्या आत एका अरुंद गल्लीत होतं. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळेत आणि पाहुण्यांसमोर ते पुस्तकातल्यासारखं बोलायचे आणि उंबऱ्याच्या आत पाय पडला की 'मले', 'तुले' सुरू व्हायचं. घरात आम्ही तिघंच. सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्याचा, आणि संध्याकाळी जिनाचा भोंगा. जिन म्हणजे कापसातली सरकी काढण्याचा कारखाना. त्या भोंग्यावर आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. बाबांनी मला एक जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, आणून दिली होती, आणि भोंग्याचा सूर पेटीवर शोधून काढणं हा माझा आवडता उद्योग होता. माझा कान चांगला आहे असं सगळे म्हणत, आणि मलाही तसंच वाटे.

बेचाळीस सालच्या कडक उन्हात वामनकाका आले. बाबांचे हे धाकटे भाऊ माझ्या जन्माआधीच रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून गेले होते, आणि तिथेच त्यांनी एका ब्रह्मी बाईशी लग्न केलं होतं. तिचं नाव मा खिन. आमच्या घरात हे नाव कुणी घेत नसे. पुढे जपान्यांचे बॉम्ब रंगूनवर पडू लागले आणि हजारो लोक डोंगर-जंगलातून चालत हिंदुस्थानाकडे निघाले. मा खिनची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला टाकून मा खिनचा पाय निघेना. तुम्ही पोरीला घेऊन पुढे व्हा, मी मागून येते, असं नवरा-बायकोत ठरलं. कलकत्त्याहून आगगाडीने काका बडनेऱ्याला उतरले तेव्हा बाबांनी भावाला ओळखलं नाही, काकांनीच त्यांना हाक मारली. त्यांच्या खांद्यावर चार वर्षांची मुलगी झोपली होती. तिचं नाव न्वे.

न्वेला तिच्या आईची बोली तेवढी येत होती. चालण्याच्या त्या महिन्यांत काकाही तिच्याशी त्याच बोलीत बोलत आले होते. पहिल्या दिवशी ती अंगणात उभी राहून काहीतरी बोलली आणि आईने हातातलं पीठ तसंच ठेवून विचारलं, "माय वो, हे पोरगी बोलते का गाते?" आम्हाला खरोखर तसंच ऐकू आलं. शब्द वर जायचे, खाली यायचे, मध्येच कुणी दोरी कापावी तसे तुटायचे. आमच्या कानांनी त्याचं एकच केलं, गाणं. शेजारच्या बायका खास ऐकायला यायच्या. आई तिला 'नलू' म्हणू लागली, कारण 'न्वे' म्हणताना तिची जीभ अडखळायची, आणि नलू त्या नावालाही ओ देऊ लागली.

ती काही खात नव्हती. नुसता भात, तोही बोटाने चिवडत. आमरस पुढे केला तर वास घेऊन बाजूला सारायची. पावसाळा लागल्यावर आईने एक दिवस अंबाडीची भाजी केली, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. त्या आंबट वासाने नलू उठून चुलीपाशी आली, ताटलीसाठी हात पुढे केला, आणि खाता खाता रडू लागली. काका बाजेवरून म्हणाले, "वयनी, तिकडे बी हेच भाजी खातेत. चिनबाऊं म्हणतेत. तिची माय करे." त्यानंतर आमच्याकडे अंबाडीचा मोसम संपेपर्यंत रोज अंबाडी झाली. बाबा एकदाही कुरकुरले नाहीत.

काकांना जंगलातला ताप होता. तो एक दिवस यायचा, एक दिवस जायचा, आणि गेलेल्या दिवशी ते उशीला टेकून बसायचे. अशाच एका दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "सुमे, हिची माय येईन," ते म्हणाले. "केव्हा ते नाई सांगता येत, पण येईन. तवा या पोरीले तिच्याशी बोलता आलं पाह्यजे. मी असन का नसन, माईत नाई. तू शिकून घे. घरात हिच्याशी बोलणारं कोणी एक रायलं पाह्यजे." मी हो म्हटलं. नववीतली मुलगी होते, नवी भाषा म्हणजे मला गंमतच वाटली. सोपंही वाटलं, कारण माझा कान चांगला होता.

मी पेटी घेऊन बसले. काकांनी पहिला शब्द सांगितला, 'ला', म्हणजे 'ये'. मी तो सूर शोधला, काळी दोन. मग नलूकडून म्हणवून घेतला, तर तो पार वरच्या सप्तकात. दुसऱ्या दिवशी ती दमलेली होती, तर आणखी तिसराच. मी गोंधळले. काका बराच वेळ गंमत बघत होते. शेवटी म्हणाले, "पेटी ठेव बाजूले. मी बोललो त खर्जात, ती बोलली त टिपेत, तरी आम्हा दोघायचा 'ला' एकच हाये का नाई? तुले दिसते त्यात सूर. तिले दिसते त्यात शब्द." मग त्यांनी हाताने दाखवलं. तळहात बाजेवर सपाट सरकवला, हा 'ये'. मग तळहात चटका बसल्यासारखा आखडला, गळा आवळून, तोडून म्हटलेला आखूड 'ल', हा 'चंद्र'. मग हात वर नेऊन झोका सोडावा तसा सोडला, लांब आणि उंच 'ला', हा वाक्याच्या शेवटी येतो आणि वाक्याचा प्रश्न होतो.

आपणही बोलताना आवाज वर-खाली करतोच. माझी आई 'हाव' हा एकच शब्द इतक्या तऱ्हांनी म्हणायची की एकीत होकार असायचा, दुसरीत राग, तिसरीत चेष्टा. पण तिने तो कसाही म्हटला तरी शब्द 'हाव'च राहायचा. आवाजाची चढउतार आपल्याकडे बोलणाऱ्याचं मन सांगते. तिकडे ती शब्दाचाच भाग असते, 'क'चा 'ग' केला की आपला शब्द बदलतो तसं. आपला कान लहानपणापासून शिकलेला असतो की चढउतार दिसली की ती मनाच्या खात्यात टाकायची. म्हणून मोठेपणी ती भाषा ऐकताना आपल्याला भावना ऐकू येतात, गाणं ऐकू येतं, शब्द तेवढा निसटतो. हे शहाणपण मला पुढे कॉलेजात पुस्तकांतून मिळालं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की मला ऐकू येत नाही.

एका संध्याकाळी मी अंगणातून नलूला लाडाने हाक मारली, 'ल, ल'. आपण लहान मुलाला 'ये, ये' म्हणतो तशी, आवाज आखूड आणि वर करून. ती आली नाही. तिने मान वर केली आणि गंभीरपणे आभाळात शोधू लागली. काका हसता हसता खोकले. "बोलावलं का चांदोबा दाखवला, सुमे?" त्यानंतर मी चुकले की ती वर बघायची आणि बरोबर म्हटलं की चालत यायची. माझी परीक्षा घेणारी ती सगळ्यात कडक मास्तरीण होती, कारण तिला माझं मन राखायचं नव्हतं.

आणि मग टरबुजासारखंच झालं. दुपारची वेळ होती. मी सुपात तुरीची डाळ निवडत होते आणि बोलण्याकडे माझं लक्षही नव्हतं. बाजेवरून काका तापाच्या आवाजात नलूला काहीतरी म्हणाले, आणि माझा हात सुपात थांबला. तो 'ला' सपाट होता. मी तो ओळखला नव्हता, ताडून पाहिला नव्हता, तो सरळ ऐकू आला होता. त्याच संध्याकाळी जिनाचा भोंगा झाला आणि नलू नेहमीप्रमाणे दाराशी जाऊन तिचं नेहमीचं गाणं म्हणाली. आल्या दिवसापासून रोज भोंग्यानंतर ती ते म्हणायची, आणि आम्ही त्याला नलूची सांजवात म्हणायचो. त्या दिवशी मला ते गाणं ऐकू आलं नाही. वाक्य ऐकू आलं.

"अमे लामला?"

अमे म्हणजे आई. पहिला 'ला' सपाट, येण्याचा. शेवटचा उंच, सोडून दिलेला, प्रश्नाचा. आई येईल का? आणि काका बाजेवरून रोज जो एक शब्द पुटपुटायचे तोही ऐकू आला. "लामे." येईल. इतके दिवस आमच्या घरात रोज हा प्रश्न विचारला जात होता आणि आई-बाबा-मी कौतुकाने ऐकत होतो. मी आईला सांगितलं तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बसली आणि त्या दिवशी भाकरी करपली.

काका श्रावणात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलवत नव्हतं तेव्हा दाराशी प्रश्न आला की 'लामे' मी म्हणायची. नलू पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहायची, मग समजूत पटल्यासारखी घरात यायची. माझा 'लामे' बरोबर होता. तिने कधी वर पाहिलं नाही.

भाद्रपदाच्या पुनवेला आमच्या वऱ्हाडात भुलाबाई बसतात. तुम्ही ते पाहिलं नसेल म्हणून सांगते. मातीच्या भुलोजी-भुलाबाईंची जोडी मांडायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. भुलाबाई म्हणजे पार्वती, ती माहेरी आलेली असते. गाणी झाली की खिरापत, म्हणजे खाऊ. तो झाकलेल्या डब्यात असतो. घरची बाई डबा हलवते आणि मुलींनी नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. फुटाणे की बतासे, खोबरं की शेंगदाणे. ओळखलं की मिळतं. आमच्या घरी सुतकाच्या वर्षी भुलाबाई नव्हती, पण आईने मला सांगितलं की नलूला घेऊन जा, पोरीत पोर रमेल.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकाच्या घरी होतो आणि भोंगा झाला. नलू उठून त्या घराच्या दाराशी गेली आणि तिने आपला प्रश्न विचारला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, नलूनं तिच्या गावचं भुलाबाईचं गाणं म्हटलं. घरच्या काकूंनी तिच्या हातावर बतासे ठेवले, गाणाऱ्या पोरीला खिरापत दिलीच पाहिजे म्हणून. मी त्यांना सांगितलं की हे गाणं नाही, ती आई येईल का म्हणून विचारते आहे. काकूंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "मंग काय झालं, बाई? भुलाबाईचे गाणे तरी कायचे असतेत? मायच्याच आठवणीचे असतेत सारे. म्हणू दे तिले." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही मला ते खोटं वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरी नलूच्या गाण्याची फर्माईश होऊ लागली. मुलींना ते पाठ झालं. टिपऱ्यांवर बसवायला त्यांनी त्याला चाल लावली, आपल्या भुलाबाईच्या गाण्यांना असते तशी, दोन पायऱ्या वर, दोन पायऱ्या खाली. 'अमे लामला, अमे लामला, अमे लामला गं.' त्या चालीत सपाट 'ला' चढला, उंच 'ला' खाली आला. नलू त्या गोल फेरात उभी राहून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. तिला ते शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत असावेत. मग कुणीतरी तिच्या हातात टिपऱ्या दिल्या आणि तीही त्यांच्यासारखं म्हणू लागली, त्यांच्याच चालीत. तिने विचारलं की टाळ्या होत, तिने विचारलं की गोड मिळे. कोजागिरीला, ज्वारीच्या ताटांच्या मखराखाली भुलाबाईची शेवटची गाणी झाली, वर पूर्ण चंद्र होता, आणि मी नलूच्या कानाशी म्हटलं, 'ल'. तिने पाहिलं वर. पण त्यानंतर भोंगा झाल्यावर ती दाराशी गेली नाही. प्रश्न थांबला. मी आपणहून 'लामे' म्हणून पाहिलं, तर ती हसली आणि गाऊ लागली.

दिवाळीनंतर अकोल्याची गोदाआत्या तिला घेऊन गेली. आत्या बाबांची मोठी बहीण, विधवा, मूलबाळ नव्हतं, मोर्णेच्या काठी तिचं घर होतं. माझी शाळा अमरावतीत होती, आणि आईच्याने दोन मुलींचं होत नव्हतं. त्यात कुणाचा दोष काढायला जागा नाही. सुट्टी लागली की मी अकोल्याला जायची. बडनेऱ्याला गाडी बदलून, मूर्तिजापूरला पन्हं पिऊन, मनात शब्द घोकत. पहिल्या सुट्टीत नलू माझ्याशी दोन-चार वाक्यं बोलली आणि आत्या येताच थांबली. त्या दिवशी झोपेपर्यंत ती रडत होती. आत्याने मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "सुमे, मले समजते तू काहून करून रायली ते. वामनानं तुले सांगितलं. पण ते बोली बोलली का पोट्टी रडते. नाई बोलली का हसते. मी काय करू, तूच सांग मले." आत्याचा चेहरा तेव्हा फार थकलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात नलू ठसक्यात वऱ्हाडी बोलत होती. "मले आमरस नाई पाह्यजे, सरगुंडे पाह्यजेत." सरगुंडे म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या जाड शेवया. आत्याला 'आई' म्हणत होती. एका संध्याकाळी गच्चीवर चंद्र होता. मी हळूच, आखूड, गळा आवळून म्हटलं, 'ल'. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी सपाट म्हटलं, 'ला'. तिने तसंच पाहिलं, तेवढंच, तितक्याच कुतूहलाने. मी पुन्हा दोन्ही म्हटले. तिने विचारलं, "सुमाताई, तू एकच एक काहून म्हणून रायली?" तिच्यासाठी ते दोन आवाज एक झाले होते. टरबुजाचा आवाज एकदा दोन झाला की पुन्हा एक होत नाही असं मी वर लिहिलं आहे. मोठ्या माणसाचं तसं असतं. चार वर्षांच्या मुलाचं नसतं. ते जितकं सहज उघडतं तितकंच सहज मिटतं, आणि मिटल्यावर आत काही होतं याची खूणही बाहेर दिसत नाही.

लढाई संपली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात मा खिन आली. काकांबरोबर जंगलातून चाललेला एक माणूस परत रंगूनला गेला होता, बाबांच्या पत्रावरून त्याने तिला काका गेल्याचं सांगितलं आणि आमचा पत्ता दिला. आगबोटीने कलकत्ता, तिथून अमरावती. ठेंगणी, बारीक, पांढरं पोलकं आणि गुंडाळलेली लुंगी, केसांत मुळीच फूल नाही. रंगूनच्या बाजारातलं मोडकंतोडकं हिंदी तिला येत होतं. आईने तिच्या पानात अंबाडी वाढली. तिने पहिला घास घेतला आणि आईकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला तिच्याबरोबर अकोल्याला पाठवलं, कारण घरात तिच्याशी बोलणारं कोणी एक राहिलं होतं.

गाडीत मी तिला माझी वाक्यं ऐकवली. भूक लागली, पाय दुखतो, मांजर बघ. ती आधी हसली, मग तिने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. मला वाटलं मी चुकले. ती म्हणाली, "ऐसा वो बोलता. मेरा बच्चा. बिलकुल ऐसा." मी ती भाषा एका चार वर्षांच्या मुलीकडून शिकले होते, त्यामुळे तिचं बोबडेपण, तिचं शब्द ओढणं, सगळं माझ्या तोंडात जसंच्या तसं बसलं होतं. मा खिन मला पुन्हा पुन्हा बोलायला लावू लागली. मूर्तिजापूर गेल्यावर मी धीर करून सांगितलं की नलू सगळं विसरली आहे. तिने मान हलवली. "बच्चा भूलता नहीं. माँ बोलेगा तो याद आएगा." ती न्वेला न्यायला आली होती. तिची म्हातारी आई वारली होती, बाजारात तिचं छोटं दुकान होतं, आणि पुढचा सगळा बेत तिने मला बोटांवर मोजून सांगितला.

आत्याच्या घरी भुलाबाई बसल्या होत्या. नलू परकर-पोलक्यात, वेणीला लाल रिबीन, गोल फेरातून धावत दाराशी आली आणि अनोळखी बाई बघून आत्यामागे उभी राहिली. मा खिन जमिनीवर बसली. तिने हाक मारली, "न्वे." मग ती बोलत राहिली, हळू, खालच्या आवाजात, बराच वेळ. मला त्यातलं थोडं कळलं. घराबद्दल होतं, आजीबद्दल, मागून येईन म्हणून न आल्याबद्दल. नलू तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होती. आत्या भिंतीला धरून उभी होती.

बोलणं थांबलं. आत्याला ती शांतता सहन झाली नाही. आलेल्या माणसाचा मान राखायला तिला जे सुचलं ते ती म्हणाली. "नले, पाहुणीले तुझं गाणं म्हणून दाखव."

नलूचा चेहरा खुलला. तिने टिपऱ्या उचलल्या आणि स्वच्छ आवाजात, ठेका धरून म्हटलं, "अमे लामला, अमे लामला, अमे लामला गं." मा खिन कौतुकाने ऐकत होती. तिने बोटांनी ठेकाही धरला. गाणं संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"अच्छा गाना," ती म्हणाली. "मतलब क्या है?"

मी आत्याकडे पाहिलं नाही. मी मा खिनसमोर बसले आणि चालीशिवाय, जसं नलूने त्या उन्हाळ्यात आमच्या दाराशी म्हटलं होतं तसं, तिच्या बोबड्या ओढीसकट म्हटलं. "अमे लामला?"

मा खिनचा हात जिथे होता तिथेच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नलूच्या हातातल्या टिपऱ्यांकडे. ते तिला कुठून कुठपर्यंत कळलं ते मी सांगू शकत नाही, पण कळलं. ती गुडघ्यांवर सरकत नलूजवळ गेली आणि तिच्या डोळ्यांत बघत तिने उत्तर दिलं.

"अमे लाबी."

आई आली आहे. सपाट 'ला', सपाट शेवट, त्यात प्रश्न नव्हता. नलूने मन लावून ऐकलं. मग ती वळून आत्याला म्हणाली, "आई, पाहुणीनं बी गाणं म्हटलं." आणि गाणं म्हटलं की काय करायचं हे तिला ठाऊक होतं. ती भुलाबाईपुढच्या डब्याशी गेली, मूठ भरून खोबरं-साखर घेऊन आली, मा खिनचा तळहात उघडून त्यावर ठेवली आणि तिची बोटं नीट मिटवली.

मा खिनने दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली, एकटीने. आत्याने नलूचे कपडे रात्रीच गाठोड्यात बांधून ठेवले होते, ते तिने सकाळी परत सोडले. स्टेशनवर मी खिडकीशी उभी होते. मा खिन एवढंच म्हणाली, "उसका माँ है." गाडी हलायला लागली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, सवयीने, "लामला?" मी तिलाच विचारत होते, पुन्हा येशील का. 'लामे' म्हणायला तिला अडचण काहीच नव्हती. काका म्हणायचे, मीही म्हणायची. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिने ते म्हटलं नाही. तिच्या हातात रुमाल होता, त्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारलेली होती, आणि गाठीतून साखर पाझरून कापड ओलं झालं होतं.